गाठीचं गाळणं आणि रेवाबाई

रेवाबाई गेल्याची बातमी मला जालन्याच्या मोंढ्यात कळली. केदारखेड्याकडून आलेला एक गाडीवान सरकीची पोती उतरवता उतरवता म्हणाला, "तुमच्या मठातल्या बाई गेल्या बरं का. सकाळी झाडाखाली नामस्मरणाला बसल्या, दुपार कलली तरी उठंनात. मंग पोरी उठवाया गेल्या, तर..." पुढचं त्याने हातानेच सांगितलं आणि परत पोत्याला हात घातला. मला रडू आलं नाही. खरं सांगायचं तर आधी राग आला. बाईंचं वय ऐंशीच्या पुढे गेलं होतं, पण त्या मरतील असं मी कधी धरूनच चाललो नव्हतो. दुसऱ्यांदा राग आला तो आठ दिवसांनी, एका छापील पत्रात त्यांच्यावर आलेल्या दोन ओळी वाचून. 'धर्मपरायण, मितभाषी आणि शांत स्वभावाच्या वयोवृद्ध तपस्विनी निवर्तल्या.' मितभाषी! शांत! ज्याने हे लिहिलं त्याने रेवाबाईंना लांबून तरी पाहिलं होतं का, विचारतो मी. या बाईने एका खुनाचा छडा लावला. पोलीस हात झटकून मोकळे झाले होते, गाव गप्प बसलं होतं, आणि माझ्यासारखा पत्रकं लिहिणारा नुसता बोंबलत होता, तेव्हा या दात पडलेल्या, एका डोळ्यात मोतीबिंदू वाढलेल्या म्हातारीने एका गरीब माणसाची मान फासातून बाहेर काढली. आणि दोन ओळी! मला मृत्युलेख लिहायची सवय नाही. माझा हात पत्रकांवर बसलेला आहे. तेव्हा कुठे आवाज चढला तर वाचकांनी सांभाळून घ्यावं... किंवा घेऊ नये. बाईंनीही कधी घेतलं नाही.

त्या माझ्या आजोबांच्या सख्ख्या बहीण. लहान वयात विधवा झाल्या आणि महानुभाव पंथाची दीक्षा घेऊन घरातून निघाल्या. तेव्हापासून अंगावर काळं वस्त्र, डोक्याला वस्तरा, खांद्याला झोळी आणि भिक्षेची भाकर. पूर्णेच्या काठी, केदारखेड्याच्या अलीकडे एक लहानसा मठ आहे, तिथे त्यांचं शेवटचं सगळं आयुष्य गेलं. मी एकविसाव्या वर्षी शहरात पत्रकं वाटताना दोनदा पकडला गेलो. तेव्हा वडिलांनी मला गाडीत घातलं आणि उन्हाळाभरासाठी या मठात आणून सोडलं. तिथे तरी जिभेला लगाम बसेल, असा त्यांचा हिशोब. मी पहिल्याच दिवशी "आज्जी" म्हणून पाया पडायला गेलो, तर पाय मागे घेत म्हणाल्या, "आज्जी-बिज्जी कुणी न्हाई इथं. सोयरिक टाकून आल्ते मी. बाई म्हण, आन् दंडवत कर. काय करतोस तू?"

"पत्रकं लिहितो. अन्यायाविरुद्ध."

"बरं हाय. अंगण झाडतोस का?"

मला तेव्हा साधू, बैरागी, मठ या सगळ्यांचा मनापासून तिटकारा होता, आणि तो मी लपवत नव्हतो. देश जळतोय आणि ही मंडळी डोळे मिटून झाडाखाली बसतात! वैशाखात या मठात पंधरा दिवसांचं विजन असे. विजन म्हणजे एकांत. आसपासच्या मठांतून तीस-चाळीस साधू आणि तपस्विनी येत. पहाटे उठून जो तो वेगळं झाड, वेगळा ओहोळ गाठी आणि दुपार कलेपर्यंत एकटा नाम घेत बसे. कुणी कुणाला हाक मारायची नाही, कोण कुठे बसलंय हे पाहायचं नाही. मी याला 'चाळीस माणसांची सामुदायिक झोप' असं नाव ठेवलं होतं आणि बाईंच्या तोंडावर बोलूनही दाखवलं होतं. त्या म्हणाल्या, "तू बी बस एक दिवस. बोलल्याबगर किती येळ जिता राह्यतोस ते पाहू."

मठाचं रोजचं काम वामनबाबा पाहायचे. साठीचे, लंगडत चालणारे, हसरे गृहस्थ. त्यांचं वेड एकच, पाणी. मठात पाणी गाळल्याशिवाय कुणी ओठाला लावत नसे. पण या मठाची रीत त्याच्याही पुढची होती. गाळताना फडक्यात जे बारीक जीव अडकतात ते ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत गेले पाहिजेत. विहिरीचे विहिरीत, नदीचे नदीत. म्हणून मठात गाळणी दोन. विहिरीच्या गाळण्याच्या कोपऱ्याला गाठ, नदीच्या गाळण्याला गाठ नाही. विहिरीचं गाळणं घेऊन कुणी नदीवर गेलं तर वामनबाबा अर्ध्या वाटेतून परत आणत. मला हा सगळा पोरखेळ वाटायचा. माणसं तहानेने मरतायत आणि हे किड्यांची घरं सांभाळतायत, असं मी म्हणायचो. पण त्याच वैशाखात गावातले आड आटले, महारवाड्यातल्या बायकांना कुणी पाणी भरू देईना, तेव्हा मठाच्या विहिरीवर त्यांना बोलावणारे हेच वामनबाबा होते. स्वतः पोहरा ओढायचे, स्वतः गाळून त्यांच्या घागरी भरायचे. रोज सकाळी दहा-पंधरा बायका रांगेने उभ्या. मी चाट पडलो. माझ्या एकाही पत्रकाने तोवर एक घागर भरली नव्हती.

गावाला ते खपलं नाही. मालीपाटलाचा, म्हणजे गावच्या वसुली पाटलाचा, धाकटा भाऊ दाजीबा दोनदा येऊन दम देऊन गेला. "बाबा, विहीर बाटवून राह्यले तुम्ही. बंद करा, न्हाई तर आम्ही बंद करू." वामनबाबा हसून म्हणाले, "दाजीबा, गाळून देऊन राह्यलो ना मी. आता काय बाटतं त्यात?"

विजनाच्या नवव्या दिवशी वामनबाबा दिसेनात. कुणाला काही वाटलं नाही, कारण विजनात कोणी कुणाला शोधत नसतं. दुपारी गुराख्यांनी आरडाओरडा केला. मठाखाली नदीचा डोह आहे. वैशाखात सगळी पूर्णा आटून तेवढंच पाणी उरतं. त्या डोहात वामनबाबांचं प्रेत तरंगत होतं. डोक्याला मागून खोक. कमरेला पांढरं गाळणं खोचलेलं. काठावर त्यांचा तांब्या ठेवलेला. जवळच धोंडी भोयाच्या जाळ्याच्या काठ्या रोवलेल्या.

इथून माझं डोकं तापायला सुरुवात झाली ती आजवर निवलेली नाही. धोंडी भोई त्या डोहात मासे धरायचा. वामनबाबांचं आणि त्याचं त्यावरून वाजायचं. आटत्या डोहात कोंडलेले जीव धरू नको, असं बाबा सांगत आणि धोंडी उलटून बोले. एवढं गावाला पुरेसं झालं. भोकरदनहून अमीन आला. आमच्याकडे पोलीस अंमलदाराला अमीन म्हणतात. त्याने पंचनामा केला. लगेच दाजीबा पुढे आला. "मी पाह्यलं ना साहेब. दिवस उगवताना बाबा डोहावर पाणी भरू राह्यले होते. धोंड्या आला, बाचाबाची झाली, धोंड्यानं काठी घातली." संपलं! अर्ध्या तासात धोंडीच्या हाताला दोरी. त्याची बायको गया मठाच्या फाटकाशी येऊन बसली, आणि विजनाला आलेल्यांपैकीच एक जाडा साधू मला ऐकू जाईल असं म्हणाला, "रोज जीव मारणारा तो. माणूस मारला यात नवल काय?" माझ्या आधी रेवाबाई कडाडल्या. "मासे मारतो म्हणून माणूस मारला, हे कोणत्या पोथीत हाय? पान दाखव मला. दाखव!" तो साधू झाडाकडे निघून गेला.

मी माझं हत्यार काढलं. बसून एका दमात पत्रक लिहिलं, हाताने वीस प्रती केल्या आणि दुसऱ्या दिवशी केदारखेड्याच्या बाजारात चावडीपासून पारापर्यंत चिकटवल्या. 'जुलमी सत्तेचा आणखी एक बळी!' असा मथळा. फार झोकात लिहिलं होतं. संध्याकाळी गया रडत आली. अमीन पत्रक वाचून पिसाळला होता. हे कुणी लिहिलं ते सांग, म्हणून त्याने धोंडीला झोडपलं होतं. धोंडीला लिहिता-वाचता येत नाही. त्याला माझं नावही ठाऊक नव्हतं.

बाईंनी मला समोर बसवलं. "वाच ते."

मी वाचलं. 

"धिक्कार किती येळा आला?"

"...सात."

"आन् धोंडी?"

मी कागद पुन्हा पाहिला. धोंडीचं नाव एकदाही नव्हतं. 'एक गरीब मच्छीमार' असं एकदा होतं.

"सरकार हाय, सत्ता हाय, जुलूम हाय. धोंडी कुठंय? वामनबाबा कुठंय? त्या दिवशी काय झालं ते कुठंय?" त्या चिडल्या नव्हत्या, आणि त्यानेच जास्त लागलं. "तू लिहिलंस ना? मंग जा आन् सांग त्या अमिनाला, मी लिहिलं म्हणून. त्या गड्याला उगा कशाला मार?"

मी गेलो. भर दुपारी चावडीवर जाऊन सांगितलं. अमिनाने दोन ठेवून दिल्या, तंबी दिली आणि हाकलून लावलं. लीडर समजत होता, छोकरा निघाला, असं काहीतरी तो शिपायाला म्हणाला. परत आलो तेव्हा गाल सुजला होता. बाईंनी माझ्या हातात झाडू दिला आणि म्हणाल्या, "आता बोंबलणं झालं. आता पाहायला शीक. बाबाच्या कमरेला काय होतं?"

"गाळणं होतं. पाणी भरायला गेले होते ना."

"कोणतं?"

मला कळेना. त्यांनी काळ्या वस्त्राच्या ओच्यातून ते पांढरं फडकं काढलं. बाबांना भूमी देण्याआधी, म्हणजे पुरण्याआधी, त्यांनीच ते सोडून घेतलं होतं. कोपऱ्याला गाठ होती... आणि तरी पहिल्या क्षणी मी मूर्खासारखं म्हणालो, "चुकून नेलं असेल." बाईंनी ती गाठ माझ्या डोळ्यांसमोर धरली. ज्या माणसाने चाळीस वर्षं दुसऱ्यांना अर्ध्या वाटेतून परत आणलं, तो स्वतः विहिरीचं गाळणं घेऊन डोहावर जाईल? वामनबाबा त्या सकाळी नदीवर गेलेच नव्हते. ते विहिरीवर होते. विहिरीवरच पडले आणि नंतर कुणीतरी त्यांना डोहात नेऊन टाकलं. ज्याने टाकलं त्याने कमरेचं गाळणं मुद्दाम तसंच ठेवलं, काठावर तांब्या मांडला, की पाहणाऱ्याला वाटावं पाण्याला आले होते. त्याला फडकं म्हणजे फडकं. गाठीचा अर्थ त्याला माहीत नव्हता.

"आन् दुसरं," बाई म्हणाल्या. "रोज पंधरा घागरी यायच्या. बाबा गेल्याच्या दिवसापासून एक बी न्हाई. कुणी मना केलं? कुणीच न्हाई. तहान मेली का त्यांची?"

दुसऱ्या दिवशी त्या झोळी घेऊन महारवाड्यात भिक्षेला गेल्या. मी मागे. एकही प्रश्न विचारला नाही त्यांनी. दारोदार उभ्या राहिल्या, मिळेल तो तुकडा घेतला. कोंडाबाई म्हणून एक तरणी बाई होती, विहिरीवर नेहमी पहिली यायची. तिने भाकर घातली ती तोंड फिरवून, झोळीकडे न पाहता, आणि अर्धी भाकर मातीत पडली. बाईंनी ती उचलली, फुंकली, झोळीत टाकली. मी वाटेत उसळलो. "तिने पाहिलंय! विचारा ना तिला! मी विचारतो!"

"खबरदार. तिनं आज तोंड उघडलं तर उद्या तिचं खोपटं राह्यल का? आधी त्या दाजीबाचं खोटं मोडू भर सभेत. मंग ती बोलंल."

"आणि नाही बोलली तर?"

"मंग धोंडी जाईल," बाई म्हणाल्या. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. 

विजनाच्या शेवटच्या दिवशी अमीन जबान्या घ्यायला मठात आला. अंगणात बाज टाकून बसला, शेजारी त्याचा मुहर्रिर, म्हणजे कारकून, दप्तर मांडून. एका बाजूला चाळीस काळी वस्त्रं ओळीने. फाटकापाशी गाव, आणि गावाच्याही मागे, भिंतीबाहेर, महारवाड्यातल्या बायका. धोंडीला आणलं होतं. तोंड सुजलेलं, एक डोळा बंद. गयाने त्याच्याकडे पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. त्याला दुसऱ्या दिवशी जिल्ह्याला चलान करणार होते, आणि एकदा वर गेला की भोयाच्या पोरासाठी वकील कोण देणार? तेव्हा जे व्हायचं ते याच अंगणात व्हायला हवं होतं, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं.

दाजीबाची जबानी झाली. पाठ केल्यासारखी, न अडखळता. मग अमिनाने बाईंकडे पाहिलं. "बोलो माई."

बाई काठी टेकत पुढे आल्या आणि पार वाकलेल्या, भोळ्या म्हातारीच्या आवाजात बोलू लागल्या. तो आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "साहेब, मला खुनाचं काय कळतंय. मला एकच घोर लागून राह्यला. आमच्या बाबांनी शेवटच्या दिवशी पाणी गाळून घेतलं का तसंच प्याले? तसंच प्याले असले तर आम्हा सगळ्यांना त्यांच्या नावानं प्रायश्चित्त घ्यावं लागंल. दाजीबानं डोळ्यांनी पाह्यलं म्हणतात. तेवढं विचारू का?"

अमीन हसला. "पूछो, पूछो."

"दाजीबा, बाप्पा, गाळलं का रे बाबांनी?"

दाजीबाला हायसं वाटलं असणार. म्हातारीच्या जिवाला एवढाच घोर! मोठ्या मनाने म्हणाला, "गाळलं ना बाई. बिलकुल गाळलं. माझ्या डोळ्यांदेखत."

"बराबर पाह्यलंस ना? कसं गाळलं सांग बरं. माझं समाधान होईल."

वळणीवर एक गाळणं वाळत होतं. दाजीबाने ते ओढलं, माठावरचा तांब्या घेतला, त्याच्या तोंडावर फडकं धरलं आणि ओतल्यासारखं केलं. "हे असं. आन् मंग..." त्याने फडकं दोन्ही हातांनी करकचून पिळलं, हवेत झटकलं आणि खांद्यावर टाकलं.

चाळीस माणसं एकदम श्वास आत ओढतात तो आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. एका तरण्या तपस्विनीच्या तोंडून "अरारारा..." एवढंच निघालं आणि तिने डोळे झाकले. तो जाडा साधू ताडकन उभा राहिला. दाजीबा गोंधळून इकडेतिकडे पाहू लागला. त्याला काय झालं ते कळतच नव्हतं. गावालाही कळत नव्हतं.

"क्या हुआ?" अमीन बाजेवरून उठला. "सब चूप कायकू हो गये?"

आणि रेवाबाई सरळ झाल्या. भोळी म्हातारी गेली. "साहेब, आमच्या मठात गाळणं पिळत न्हाईत. पिळलं की त्यातले जीव मरतात. आम्ही ते पालथं घालतो, त्याच पाण्यात, हळूच. वामनबाबांनी चाळीस वर्षांत गाळणं कधी पिळलं न्हाई. यानं बाबांना पाणी गाळताना पाह्यलंच न्हाई. हा नदीवर नव्हता आन् बाबा बी नव्हते."

अमीन आळशी होता, मारकुटा होता, पण मूर्ख नव्हता, एवढं त्याच्या पदरात टाकलंच पाहिजे. त्याने लगेच मागे विहिरीवर असलेल्या, यातलं काहीच न ऐकलेल्या मठातल्या तिघांना बोलावून तीन कोपऱ्यांत नेलं, एकमेकांना दिसू न देता फडकं हातात दिलं. तिघांनीही पालथं घातलं. मग बाई म्हणाल्या, "आता तुमचाच पंचनामा वाचा, साहेब. बाबाच्या कमरेला काय होतं?" मुहर्रिरने कागद चाळले आणि वाचलं, "एक सफेद कपडा, कोने में गिरह।" बाईंनी ओच्यातून गाळणं काढून बाजेवर ठेवलं. गाठ वर. विहिरीचं गाळणं आणि नदीचं गाळणं यांतला फरक त्यांनी चार वाक्यांत सांगितला, आणि सांगताना त्यांची नजर अमिनाकडे नव्हती. भिंतीबाहेर होती.

"मी बोलते."

कोंडाबाई भिंतीवरून वाकली होती. शेजारची बाई तिचा पदर ओढत होती. तिने तो झटकून सोडवला. "मी विहिरीवर आल्ते सगळ्यांच्या आधी. हे दाजीबा मालक तिथं होते, अंधुक होतं अजून. बाबा पोहरा ओढू राह्यले होते. मालक म्हणले, आजपासून बंद. बाबा म्हणले, ही बाई तहानली हाय, तेवढी घागर भरू दे. मालकांनी ढकललं. बाबाचं डोकं दगडी काठावर आपटलं. मी पळाले आन् निरगुडीच्या आड बसले. मालक आन् त्यांचा गाडीवाला दोघांनी कडब्याखाली घालून नेलं." ती थांबली आणि मग एकदम ओरडली, "माझ्या घागरीसाठी मेले ओ बाबा! आन् मी सहा दिस गप बसले!"

दाजीबा "खोटं, खोटं" म्हणत होता, पण त्याच्या गाडीवाल्याने फाटकातून पळ काढला आणि गावातल्याच दोघांनी त्याला धरून आणला. गावातल्याच, हे मी मुद्दाम लिहितो. खोटं एकदा मोडलं की गावाला पाय फुटतात. गाडीवाल्याने उभ्या उभ्या सगळं कबूल केलं. अमिनाने धोंडीची दोरी सोडायला सांगितली आणि तीच दोरी दाजीबाच्या हाताला बांधली. तीच! मी असा नाचलो की एका साधूने मला धरून खाली बसवलं. धोंडी मनगटं चोळत नुसता उभा होता. गयाने त्याच्याकडे धाव घेतली आणि मग मध्येच वळून बाईंच्या पायावर पडली. बाई म्हणाल्या, "ऊठ. तिच्या पाया पड," आणि कोंडाबाईकडे बोट दाखवलं. भोयाची बायको भर गावासमोर महारवाड्यातल्या बाईच्या पाया पडली. माझ्या वीस पत्रकांनी जे झालं नसतं ते त्या अंगणात पाच मिनिटांत झालं.

दाजीबाला जन्मठेप झाली. मालीपाटलाने वरपर्यंत खटपट केली, पण ती जबानी, तो पंचनामा, ती गाठ हलली नाही. कोंडाबाईचं खोपटं शाबूत राहिलं, कारण विजन संपल्यावरही बाईंनी दहा तपस्विनींना महिनाभर महारवाड्याच्या तोंडावर झाडाखाली बसवलं. नामस्मरणालाच, बरं का. विहीर दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. आणि कोर्टाच्या निकालात या बाईचं नाव काय आलं? 'मठातील एक औरत.' नाव नाही, गाव नाही. मी संतापून बाईंना सांगायला गेलो तर त्या भाकर पाण्यात भिजवत होत्या. म्हणाल्या, "धोंडीचं नाव आलं का बराबर?" आलं होतं. "मंग झालं." माझं नाही झालं, बाई. म्हणून आज हे लिहितोय, तुमच्या नावासकट.

त्या उन्हाळ्यानंतर मी पुष्कळ पत्रकं लिहिली. तुरुंगात गेलो, आलो. पण प्रत्येक पत्रक छापायला देण्याआधी मी त्यात माणसाचं नाव आहे का ते पाहतो, आणि काय झालं ते आहे का ते पाहतो. धिक्कार अजूनही येतो. एखाद-दुसरा. तेवढा बाईंनीही चालवून घेतला असता... नसताही.

मागच्या आठवड्यात मठात जाऊन आलो. बाईंच्या भूमीला दंडवत केला आणि सकाळी डोहाकडे उतरलो. नदी आता भरून वाहते आहे. धोंडी खांद्यावर जाळं टाकून गुडघाभर पाण्यात उभा होता. केस पांढरे झालेत त्याचे. सुटून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी रेवाबाई या काठावर येऊन त्याला म्हणाल्या होत्या, "सुटलास ना? मंग आता जाळं सोड." तो म्हणाला होता, "बाई, तुम्ही जीव वाचवला, माझं कातडं तुमचं. पण जाळं सोडलं तर खाऊ काय?" तेव्हापासून रोज सकाळी हे भांडण चाललं. पावसात, थंडीत, बाईंना काठी धरून आणावं लागायचं तेव्हासुद्धा. त्याने जाळं सोडलं नाही आणि त्यांनी त्याला सोडलं नाही.

मी पाहत होतो. त्याने जाळ्याचा घेर हातावर घेतला, पाय रोवले आणि थांबला. मान वर करून रिकाम्या काठाकडे पाहिलं.

"काय पाहून राह्यलास?" मी विचारलं.

तो माझ्याशी बोललाच नाही. काठाकडे तोंड करून, भांडणाच्या चढ्या आवाजात ओरडला, "बाई, टाकतो बरं का!"

एक शिवी ऐकून घ्यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तो उभा राहिला. मग हसला, कमरेतून फिरला, आणि पूर्णेवर जाळं पसरलं.